तलवारीची धार, तंबोऱ्याची जवारी

आमच्या शिरड शहापूर परिसरात हरिनाम सप्ताह बसला की एक वाद्य सात दिवस खाली टेकत नाही. वीणा. एकाचा पहारा संपला की दुसरा पुढे होतो, पाया पडतो आणि वीणा गळ्यात घेतो. रात्री दोन वाजताही मंडपात एक माणूस उभा असतो आणि तार बोलत असते. औंढा नागनाथ इथून जवळ, नामदेवांचं नर्सी आमच्याच जिल्ह्यात. त्यामुळे वीणा ही इथल्या कुठल्याही धर्माच्या पोरासाठी लहानपणापासून कानावर पडलेली गोष्ट आहे. माझ्याही.

काही वर्षांपूर्वी गावातल्या भजनी मंडळाची वीणा बसली. ‘बसली’ हा त्यांचा शब्द. तार तुटली नव्हती, भोपळा फुटला नव्हता, खुंट्या घट्ट होत्या. स्वरही लागत होता, पण मेलेला. झंकार नव्हता. मी ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यावर जायला निघालो होतो. मंडळातले एक जाणते म्हणाले, “भाई, तुम्ही मिरजेला चाललेत, तं हिला बी घेऊन जा.” वसमतहून पंढरपूरमार्गे कोल्हापूरला जाणाऱ्या गाडीत ती वीणा चादरीत गुंडाळून मी मांडीवर घेऊन बसलो. पंढरपूर आलं तेव्हा डब्यातल्या दोघातिघांनी चादरीवरूनच तिला हात लावून नमस्कार केला.

मिरजेत सतारमेकर गल्लीतल्या कारागिराने ती हातात घेतली. तार छेडली. मग तार बाजूला सारून घोडीवर अंगठ्याचं नख फिरवलं. घोडी म्हणजे भोपळ्यावरच्या तबलीवर बसवलेला तो बसका तुकडा, ज्याच्यावरून तारा जातात. नखाला जे लागलं ते त्याने मलाही दाखवलं. तारेने घासून घोडीत बारीक खाच पाडली होती, केसाएवढी. त्याने बारीक कानस घेतली, दोन-चार हात मारले, पॉलिश पेपर फिरवला, तार परत बसवली, छेडली, कान दिला, तार काढली, पुन्हा दोन हात. असं पाऊण तास चाललं. तार तीच, भोपळा तोच, घोडीही तीच. आणि वीणा बोलायला लागली.

या पाऊण तासाच्या कामाला जवारी काढणं म्हणतात. त्यावर लिहावं असं तेव्हापासून मनात होतं. लिहिण्याचं तात्कालिक कारण मात्र वेगळं आहे. आमच्या घरातला एक मुलगा पुण्यात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. त्याने गिटारच्या ब्रिजवरचे सॅडल बदलले, स्टीलचे काढून पितळेचे घातले, आणि आवाज ‘गरम’ झाला म्हणून फोनवर तासभर सांगत होता. मी त्याला मिरजेची गोष्ट सांगितली. त्याला ती माहीत नव्हती. आपल्या बहुतेकांना नसते.

आधी गिटारचंच पाहू. सॅडल म्हणजे तारेच्या एका टोकाचा आधार. इलेक्ट्रिक गिटारवर सहा तारांना सहा छोटे धातूचे तुकडे, प्रत्येकाला स्क्रू. त्याने तारेची उंची आणि लांबी जुळवायची. अमेरिकेत फेंडर कंपनीने १९५० साली जी पहिली मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली सपाट, भरीव गिटार काढली, तिच्यावर पितळेचे तीनच सॅडल होते, एकेकावर दोन तारा. पुढे स्टील आलं. गिब्सन कंपनीने साठच्या दशकात काही गिटारींवर नायलॉनचे सॅडल बसवले. आज टायटेनियम, ग्राफाइट, हाड, सगळं मिळतं. तार ज्या टोकावर टेकते ते टोक मऊ असेल तर बारीक, तीक्ष्ण कंपनं तिथे जिरतात आणि आवाज बोथट होतो. कडक असेल तर ती परत फिरतात आणि आवाज चमकतो, जास्त वेळ टिकतो. इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअप तारेचं कंपन चुंबकाने टिपतो, म्हणून तार कशी हलते त्यालाच सगळं महत्त्व. पण हा फरक बारीक असतो. सॅडल बदलताना माणूस बहुधा ताराही नव्या घालतो आणि जुन्या सॅडलमध्ये पडलेली खाचही त्याबरोबर जाते. मग कौतुक सगळं पितळेचं होतं. आमच्या मुलाला मी हे सांगितलं नाही, त्याचा पगार त्यात गेला होता.

गिटारचा सॅडल आणि तंबोऱ्याची घोडी यांचं काम नावापुरतं एक आहे, कल्पना मात्र उलट आहे. गिटारमध्ये तार एका टोकदार बिंदूवर टेकावी आणि तिथून मोकळी हलावी, अशी सगळी रचना असते. तार कुठे दुसरीकडे टेकली तर ती खरखरते आणि तो दोष समजतात. तंबोऱ्यात तो दोषच हवा असतो. घोडीचा माथा रुंद, चांगला दोन-तीन बोटं, आणि पाहिलं तर सपाट वाटतो. तो सपाट नसतो. त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावरून निसटून पुढे जाते, आणि छेडली की उतारावर गुंडाळते, उलगडते, पुन्हा गुंडाळते. दर फेऱ्यात ती माथ्याला हलकेच चाटून जाते. दर स्पर्शात तारेचा थोडा जोर मूळ स्वराकडून वरच्या उपस्वरांकडे ढकलला जातो. म्हणून तंबोऱ्याचा स्वर छेडल्यावर नुसता विझत नाही. आतून एकेक स्वर वर येत राहतो.

त्यात तारेखाली घातलेला सुताचा दोरा. नवखा माणूस समजतो की तो तार घट्ट बसण्यासाठी आहे. तो असतो तारेला उतारापासून तसूभर, खरं तर केसभर, उचलण्यासाठी. दोरा थोडा पुढे-मागे सरकवला की तार माथ्याला किती चाटेल ते ठरतं. नेमकी जागा सापडली की जवारी ‘उघडते’. गवय्याला तंबोरा जुळवायला एवढा वेळ का लागतो, याचं अर्धं उत्तर खुंट्यांत आहे आणि अर्धं त्या दोऱ्यात.

खर्जाची तार चांगली उघडली की तिच्यातून गंधार ऐकू येतो. तो कुणी वाजवलेला नसतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हिशेब सोपा आहे. तार जेवढ्या वेगाने हलते त्याच्या पाचपट वेगाचा उपस्वर म्हणजे गंधार, दोन सप्तकं वरचा. पंचमाच्या तारेतून असाच तिसरा उपस्वर काढला तर तो रिषभ येतो, पाचवा काढला तर निषाद. चार तारांतून अर्धं सप्तक आपोआप उभं राहतं. हे सगळे उपस्वर साध्या तारेतही असतात, पण दबलेले आणि लगेच मरणारे. घोडीचा उतार त्यांना वर आणतो.

हे विज्ञानाच्या नजरेला पहिल्यांदा नीट आणलं ते चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. नोबेल मिळालं १९३०ला, पण त्याआधी, १९२१ साली, कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशनमधून त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. युरोपात तोवर नियम असा होता की तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो, तो उपस्वर त्या आवाजात असूच शकत नाही. रामन यांनी दाखवलं की वीणा आणि तंबोरा हा नियम मोडतात, जो उपस्वर नसायला हवा तोही जोरात ऐकू येतो, आणि याचं कारण घोडीच्या वक्र माथ्यात आहे. ज्या कारागिरांच्या कानाने हा माथा शतकानुशतकं घडवला होता, त्यांना यातलं गणित ठाऊक नव्हतं. परिणाम ठाऊक होता.

शतकानुशतकं हा शब्द मी सैल अर्थाने वापरत नाही. आपल्या मराठवाड्यातच त्याचा पुरावा लिहिला गेला आहे. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या दरबारी शार्ङ्गदेव होता. त्याचं घराणं मूळचं काश्मीरचं. त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात एकतंत्री वीणेचं वर्णन करताना तो घोडीवरच्या धातूच्या पट्टीचा माथा कासवाच्या पाठीसारखा असावा असं सांगतो, आणि तार व पट्टी यांच्यामध्ये वेळूचा एक बारीक तुकडा घालायला सांगतो. त्या तुकड्याला तो ‘जीवा’ म्हणतो. आज वेळूच्या जागी सूत आहे, एवढाच फरक. म्हणजे ही युक्ती मुसलमान इथे घेऊन आले असं कुणी सांगत असेल, तर ते खरं नाही. आणि मुसलमानांचा तिच्याशी संबंध नाही असं कुणी म्हणत असेल तर तेही खरं नाही. पुढची गोष्ट त्याबद्दलच आहे.

मिरज आदिलशाहीत होती. त्या आदिलशाहीतला दुसरा इब्राहिम (राज्यकाळ १५८० ते १६२७) संगीतवेडा बादशहा. त्याने दखनीत ‘किताब-ए-नवरस’ ही गीतांची पोथी रचली, आणि त्याच्या आवडत्या तंबुऱ्याला नाव ठेवलं होतं, मोतीखान. तंबुरा हातात घेतलेल्या इब्राहिमचं त्या काळातलं चित्रही आहे. हत्तीला आणि तलवारीला नाव ठेवणारे राजे पुष्कळ झाले. तंबुऱ्याला खानाची पदवी देणारा मला हा एकच माहीत आहे. मोतीखानाची घोडी कुणी घासली, त्याची जवारी कोण काढायचं, याचा उल्लेख कुठे येत नाही. इथूनच आपल्या इतिहासातली ती गाळलेली जागा सुरू होते.

मिरजेतल्या वाद्यकारांचं मूळ आडनाव शिकलगार. शब्द फारसीतून आला, त्यातला ‘सैकल’ अरबी. अर्थ झिलई, घासून चकाकी आणणं. जुन्या मराठीत हत्यारं ‘शिकल करणे’ असाच वाक्प्रचार आहे. किल्ला, फौज, संस्थान असलेल्या गावात शिकलगारांना काम कमी नव्हतं. तलवारीची धार, भाल्याचं पातं, कट्यारीची झिलई. मग १८१८ला पेशवाई गेली. मिरज पटवर्धनांकडे राहिली, पण कंपनी सरकारच्या सावलीत, आणि संस्थानाच्या फौजेला लढाया उरल्या नाहीत. १८५७नंतर हत्यारं काढून घेण्याची मोहीम देशभर झाली, १८७८ला शस्त्र कायदा आला. तलवार दसऱ्याला पूजेपुरती उरली, आणि पूजेच्या तलवारीला धार लागत नाही.

सांगितलं जातं ते असं: १८५०च्या आसपास संस्थानात गवय्यांची ये-जा वाढली. त्यांची वाद्यं बिघडायची, दुरुस्तीला माणूस नसायचा. हात बारीक कामाला सरावलेला म्हणून शिकलगारांना बोलावलं गेलं. फरीदसाहेब आणि मोहिनुद्दीन ही दोन नावं त्या सुरुवातीशी जोडली जातात. आधी दुरुस्ती, मग नकल, मग स्वतःचा तंबोरा. पुढच्या पिढ्यांत शिकलगार आडनाव मागे पडलं आणि सतारमेकर झालं. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, आणि माणूस मुसलमान. अशी आडनावं फक्त आपल्याकडेच होऊ शकतात.

ही कथा मिरजेवर लिहिणारे सगळे सांगतात. तलवार सोडून तंबोरा हाती घेतला, युद्धाकडून संगीताकडे, असा तिला एक गोड साज चढवतात. मला तो साज पटत नाही. लोक पोटासाठी धंदा बदलतात. प्रश्न हा आहे की शिकलगारच का? मिरजेत सुतार होते. भोपळ्याला दांडी जोडणं, तबली बसवणं, खुंट्या कातणं हे सगळं सुतारकाम आहे. मग हे काम सुतारांकडे का गेलं नाही?

माझं उत्तर घोडीत आहे. सुताराचा डोळा काटकोन आणि सांधा पाहतो. शिकलगाराचा डोळा उतार पाहतो. तलवारीच्या पात्याला जाड कण्यापासून धारेपर्यंत एक उतार असतो, तो कुठेही खड्डा न पडता, कुठेही फुगवटा न राहता उतरला पाहिजे. फुगवटा राहिला तर पातं अडकतं, खड्डा पडला तर धार मोडते. हा उतार मापपट्टीने निघत नाही. प्रकाशात धरून, त्यावर पडलेली चमक सरळ सरकते की तुटते ते पाहून, नखाने चाचपून निघतो. घोडीचा माथा हीच गोष्ट आहे, दीड इंचात. तिथे धार नाही, पण खड्डा पडला की तार गुदमरते आणि फुगवटा राहिला की ती चाटतच नाही. मी मिरजेत नख फिरवताना पाहिलं, तेव्हा मला शिरडच्या बाजारात धार लावायचं चाक घेऊन येणारा शिकलगार आठवला. विळीची धार तो तशीच तपासतो, अंगठ्याच्या नखावर. आमच्याकडचा शिकलगार विळी-कात्रीपाशीच राहिला. मिरजेतल्याला गवई भेटले.

हा माझा तर्क आहे, कागद नाही. पण फाइल आणि झिलई हे ज्याचं पिढीजात काम, त्याच्या हातात संगीतातलं सगळ्यात अवघड फाइलचं काम यावं, हा मला योगायोग वाटत नाही.

मग मागणीही आली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते, त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले. डोळ्याला फटाक्याने इजा झाली म्हणून उपचाराला मिरजेत आलेला हा मुलगा पुढे १९०१ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढतो. गाणं दरबारातून शाळेत आलं की तंबोरा एकाला नाही, वर्गाला लागतो. मिरज रेल्वेचं जंक्शन झालेलं होतं. भोपळे पंढरपूर, बेगमपूरच्या पट्ट्यातून यायचे, भीमाकाठचे जाड सालीचे, कडू, खाण्यास निरुपयोगी आणि वाद्याला सोन्यासारखे. तंबोरे इथून पुण्या-मुंबईला, धारवाडला जाऊ लागले.

आणि अब्दुल करीम खाँ. १८७२ला कैराण्यात जन्म, पण माणूस मिरजेचा झाला. मुलगी हिराबाई बडोदेकर, शिष्य सवाई गंधर्व, अख्खं किराणा घराणं महाराष्ट्र-कर्नाटकात त्यांच्यामुळे रुजलं. १९३७ला दक्षिणेच्या प्रवासात एका रेल्वे स्टेशनवर त्यांचं निधन झालं, दफन मिरजेत शमना मीरांच्या दर्ग्यात. अजूनही उरुसात त्यांच्या नावाने गाण्याच्या मैफली होतात. किराण्याचं गाणं म्हणजे एकेका स्वरावर थांबणं, स्वर आतून उलगडत जाणं. ज्याला षड्जावर इतका वेळ उभं राहायचं आहे, त्याच्या मागचा तंबोरा कोरडा असून चालत नाही. खाँसाहेब जवारीबद्दल फार चोखंदळ होते आणि वाद्याची दुरुस्ती स्वतः करायचे, असं सांगतात. ते राहिले त्या गावात जवारी काढणारे शेजारी होते. घराणं समजावून सांगणाऱ्या पुस्तकांत गळा येतो, तालीम येते, स्वभाव येतो. घोडी येत नाही. मराठी समीक्षक चांगल्या आवाजाला ‘जवारीदार’ म्हणतात. ज्या हातांनी हा शब्द जन्माला घातला, ते हात त्या लेखांत कुठेही नाहीत.

सतारीतही तेच. रविशंकरांची जवारी खुली, प्रत्येक छेडीला झणकार. विलायत खाँसाहेबांची बंद, गोलाईची, कारण त्यांना एका छेडीत लांब मींड ओढून गळ्यासारखं गायचं होतं आणि झणकार त्यात आड येतो. दोन घराण्यांच्या सौंदर्यदृष्टीवर ग्रंथ निघाले. पण ती दृष्टी सतारीत उतरवायला घोडीवर कानशीचे चार हात कमी-जास्त मारणारा कुणीतरी बसलेला होता.

अमेरिकनांनाही हे एकदा कळलं. १९६५ला बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने एका गाण्यात सतार वाजवली आणि सगळ्यांना तो आवाज हवासा झाला. सतार शिकायला वर्षं लागतात. म्हणून १९६७ला व्हिन्सेंट बेल या गिटारवादकाच्या कल्पनेतून कोरल इलेक्ट्रिक सितार बाजारात आली. ती सतार नव्हतीच. गिटारच होती, जास्तीच्या काही तारा सोडल्या तर. मुख्य बदल ब्रिजचा होता: टोकदार सॅडल काढून त्या जागी रुंद, जवळजवळ सपाट ब्रिज, ज्यावर तार चाटत राहील. तेवढ्याने गिटार सतारीसारखी झणझणायला लागली. सॅडल बदलून गिटारचा आवाज किती बदलतो, असं आमचा मुलगा विचारतो, तेव्हा मी त्याला हे उदाहरण देतो. स्टीलच्या जागी पितळ घातलं तर आवाजाचा रंग थोडा बदलतो. टोकाच्या जागी उतार दिला तर वाद्याची जातच बदलते. मात्र त्या ब्रिजची जवारी जुळवणं वादकांना अवघड जायचं, कारण कारखान्यातून सगळे ब्रिज एकसारखे निघतात आणि जवारी एकेका तारेची वेगळी असते.

म्हणजे पदार्थ महत्त्वाचा नाही असं नाही. पूर्वी घोडीचा माथा हस्तिदंताचा किंवा सांबरशिंगाचा असायचा. १९७२चा वन्यजीव कायदा आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, शिंगाचाही. ते योग्यच झालं. जुन्या आवाजाच्या आठवणीने उसासे टाकणाऱ्यांनी हत्तीचाही विचार करावा. आता उंटाचं हाड, आबनूस आणि कृत्रिम फायबर वापरतात. कारागिराकडून मला जे समजलं ते असं, की चांगला हात कुठल्याही पदार्थावर जवारी काढू शकतो, फरक पडतो ती किती टिकेल याचा. आबनूसचा आवाज मऊ पण खाच लवकर पडते. हाड जास्त दिवस धरतं. आणि दर वेळी जवारी काढताना घोडी थोडी झिजते, बुटकी होते. रोज रियाज होणाऱ्या तंबोऱ्याची घोडी शेवटी बदलावीच लागते. पण नवी घोडी नुसती बसवून भागत नाही, तिची जवारी त्याच वाद्यावर बसूनच काढावी लागते.

आता एक नाजूक गोष्ट, कारण आपल्या वाचकांत हा प्रश्न निघतो. वाद्य बनवणं जायज की नाजायज? उलेमांत यावर मतभेद जुने आहेत, निवाडा करायला मी आलिम नाही. मिरजेत मी पाहिलं ते एवढंच, की कारागीर नमाजची वेळ झाली की कानस खाली ठेवतो, आणि परत येऊन मंदिराची वीणा पुढे ओढतो. त्याला यात विसंगती दिसत नाही. हल्ली काही तरुणांना ती दाखवून दिली जाते, आणि धंदा सोडायला आधीच कारणं कमी नाहीत. मजुरी थोडी, शिकायला दहा वर्षं, आणि मोबाईलवर तंबोरा फुकट.

दुसऱ्या बाजूने लोक या गल्लीला हिंदू-मुस्लिम ऐक्याचं प्रतीक करून टाकतात. मला त्याचाही कंटाळा आहे. २००९च्या गणेशोत्सवात अफजलखान वधाच्या देखाव्यावरून याच मिरजेत दंगल झाली, संचारबंदी लागली. तंबोरे तेव्हाही इथे बनत होते, ते दंगल थांबवू शकले नाहीत. वाद्याकडून ते काम मागणं चुकीचं आहे. कारागिराला ‘प्रतीक’ म्हटलं की त्याच्या मजुरीबद्दल बोलावं लागत नाही, हीही सोय त्यात असते.

मोबाईलच्या तंबोऱ्याचं मी वाईट बोलणार नाही. एकट्याने रियाज करणाऱ्या मुलीला त्याने आधार दिला आहे. पण त्याच्या चांगल्या आवृत्त्यांत जो आवाज आहे तो खऱ्या तंबोऱ्यावरून ध्वनिमुद्रित केलेला असतो, म्हणजे कुणीतरी आधी त्याची जवारी काढलेली असते. आणि तो आवाज बदलत नाही. पावसाळ्यात खरा तंबोरा दमट होतो, दोरा ओलसर होतो, तार वेगळी बसते, आणि गाणाऱ्याला दोरा सरकवावा लागतो. कान त्याच वेळी शिकतो.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला वेगवेगळं भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. आता दुसऱ्या कुठल्या गावाचा माल मिरजेचा म्हणून विकता येणार नाही. पण मानांकन वाद्याचं आहे. जवारी ही वस्तू नाही, तिला मानांकन कसं देणार? ती हातातून हातात जाते, बापाच्या शेजारी बसून मुलगा ऐकतो तेव्हा. कुठल्या गवय्याच्या तंबोऱ्याची जवारी कुणी काढली याच्या वह्या कुठल्या संग्रहालयात नाहीत. जुने कारागीर गेले की ती माहितीही जाते.

ती अजून थोडी वाचवता येईल. तुमच्या गावच्या मंदिरात, भजनी मंडळात, संगीत विद्यालयात किंवा कुणाच्या माळ्यावर जुनी वीणा, तंबोरा, सतार असेल तर एकदा ती खाली काढून पाहा. भोपळ्याच्या मागे, दांडीवर, कधी आतल्या बाजूला कारागिराचं नाव किंवा छाप असतो. खरेदीची पावती कुणी ठेवली असेल. वीणेकऱ्यांपैकी म्हाताऱ्यांना विचारा, ही कुठून आणली, जवारी कुठे काढायला न्यायचे, त्या माणसाचं नाव काय होतं. लिहून ठेवा, तारखेसकट. आमच्या शिरडच्या वीणेच्या दांडीवर खालच्या बाजूला एक नाव आहे, इतकी वर्षं शेंदूर आणि तेलाखाली झाकलेलं. मिरजेतल्या कारागिराने ते पुसून काढलं तेव्हा पहिली तीन अक्षरं वाचता आली: शिक.. आणि पुढे ल. बाकीची झिजली आहेत.